पायी खेळता येईल असं गोल्फ: शहापूर ते मुरबाड

भाऊजी गेल्यापासून ताईने गोल्फची स्टिक हातात धरली नव्हती. हसू नका. भाऊजी नोकरीला होते त्या कारखान्याच्या वसाहतीत कामगारांसाठी मैदान होतं आणि दोघं रोज संध्याकाळी चालत खेळायचे. आता ताई वाशिंदला आमच्याकडे असते आणि गच्चीवरसुद्धा जात नाही. म्हणून थंडीतल्या एका रविवारी मी म्हटलं, जवळपास कुठे खेळता येतं का बघून येऊ. परवडलं आणि पायी खेळता आलं तरच, असं बजावून ती गाडीत बसली. तिची जुनी स्टिक आणि थोडे बॉल मी आधीच डिकीत टाकले होते.

लवकर निघा, नाहीतर आसनगावजवळ ट्रक तुंबतात. शहापुरात मिसळ खाल्ली. तर्री जपून मागा.

पहिला थांबा एक रिसॉर्ट. मैदान सुरेख, पण मुक्काम केला तरच खेळायचं आणि तेही छोट्या गाडीत बसून. फी ऐकून आम्ही बोगनवेलीचं कौतुक केलं आणि निघालो.

किन्हवलीवरून सरळगावकडे जाणारा रस्ता अधूनमधून खडबडीत, पण दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं. एका फार्महाउसवर ‘गोल्फ’ अशी पाटी दिसली. आत प्लास्टिकचं हिरवं जाजम आणि सिमेंटचं बदक. बॉल बदकाच्या पोटातून घालवायचा. ताई कित्येक महिन्यांनी खळखळून हसली.

मुरबाडच्या अलीकडे जानकीबाईंच्या टपरीवर चहाला थांबलो. मागे त्यांचाच माळ, हलक्या उताराचा. ताई कप हातात धरून तिकडेच बघत राहिली. मी विचारलं, इथे खेळलो तर चालेल का?

“खेला की. गुरं हायत, पण ती काय बोलायची नाय,” जानकीबाई म्हणाल्या. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

पळसाचं झाड हे आमचं होल ठरलं. ताईचा पहिला बॉल पायाशीच पडला. दुसरा उंच गेला आणि म्हशीशेजारी उतरला. म्हशीने मान वर केली नाही. जानकीबाई टपरी सोडून ताईच्या बरोबरीने चालू लागल्या.

“तुमचा माणूस नाय आला?”

“नाहीत ते आता.”

“माजाबी नाय,” त्या म्हणाल्या. मग ताई म्हणाली, “ह्यांना हा उतार आवडला असता.”

भाऊजींविषयी ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच बोलली. मी मुद्दाम मागे राहिलो. पुढे तिने जानकीबाईंच्या हातात स्टिक दिली. त्यांनी ढेकूळ उडवलं आणि दोघी वाकून वाकून हसल्या.

तुम्हाला जायचं असेल तर भात कापून झाल्यावर जा, मालकाला विचारा, वाल पेरलेल्या शेतात पाय घालू नका. जास्तीचे बॉल न्या, गवत फार गिळतं.

घरी आलो तेव्हा माझे गुडघे बोलत होते, ताईचे गप्प. एवढं फिरून हाती काय लागलं, तर एक उघडा माळ. तो मला पुरेसा वाटला.

पुढच्या रविवारी उशिरा उठलो तर ताई घरात नाही. फोन लावला. मागून जानकीबाईंचं हसणं ऐकू येत होतं.

“शहापूरहून एसटी मिळते रे,” ताई म्हणाली. “तू झोपला होतास, म्हणून उठवलं नाही.”