चौथं शील

आयुष्यभर तलाठ्याची नोकरी केली. सही करण्याआधी कागद वाचा, असं शेकडो लोकांना दटावून सांगितलं. आणि माझ्याच छातीच्या उपचाराच्या कागदावर मी न वाचता सही ठोकली, कारण वाचायचा चष्मा बायकोच्या पर्समध्ये होता. दवाखान्यात जायचं म्हटलं की ती तो काढून घ्यायची. तुम्ही कुठंही विसरता, म्हणायची. मला ती काळजी वाटायची.

फुप्फुसात जुन्या टीबीचा डाग आहे, तो मशीनच्या किरणांनी जाळतात, असं मुलानं सांगितलं होतं. किरणोपचार विभागाची पाटी बघून मी दारातच थबकलो, कारण लांबचं मला अजूनही स्वच्छ दिसतं. मुलगा म्हणाला, मशीन एकच असतं, टीबीवालेही इथंच येतात. पोटचा पोरगा सांगतोय म्हटल्यावर मी कशाला शंका घेऊ?

पाच बैठका होत्या. मशीनखाली उताणं पडायचं, पोटावर पट्टा, समोरच्या छोट्या पडद्यावर आपल्याच श्वासाची रेघ. ती रेघ हिरव्या पट्टीत धरून ठेवायची, म्हणजे किरण नेमके डागावरच पडतात. रेघ ढळली की किरण आपोआप थांबतात. पिपरी मेघेच्या आमच्या बुद्धविहारात दर रविवारी लोकांना मीच ध्यानाला बसवतो. श्वास धरू नका, नुसता बघा, हे सांगण्यात पंधरा वर्षं गेली. इथं सगळं उलटं, तरी मला पहिल्याच दिवशी जमलं. थोडी ऐटही आली होती.

तिसऱ्या दिवशी मशीनवरची मुलगी पट्टा बांधताना कौतुकानं म्हणाली, "काका, कॅन्सरच्या पेशंटचा इतका शांत श्वास मी पाह्यलाच नाई."

ती बाहेर गेली, जड दार लागलं, आणि माझी रेघ काही पट्टीत येईना. मशीन सुरू व्हायचं, थांबायचं. काका, आज काय झालं, असं ती स्पीकरवरून विचारत होती. कसंबसं उरकलं.

बायको बाहेर बाकावर बसली होती. मी हात पुढं केला आणि चष्मा मागितला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पर्स उघडली. तिच्या मांडीवरची माझी फाईल मी तिथंच उभ्या उभ्या वाचली. तो शब्द पहिल्याच पानावर होता.

"काऊन लपवलं मह्यापासून?"

"तुमी हातपाय गाळले असते," ती म्हणाली. "मंग आमी कोनाकडं पाह्यलं असतं?"

आणखी कोणाकोणाला माहीत आहे, असं मी विचारलं. रविवारी विहारात येणाऱ्या सगळ्यांना, म्हणाली. बोलायचं नाही, असं तिनंच त्यांना बजावलं होतं. म्हणजे महिनाभर ही माणसं माझ्यासमोर डोळे मिटून बसत होती आणि आंधळा मीच होतो. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आजाराचा मला एवढा राग आला नाही. आजार परका होता.

उरलेल्या दोन बैठकांना जाऊच नये, असं दोन दिवस डोक्यात होतं. माझ्या जिवाचा निर्णय मला वगळून झाला, तर आता मीही कोणाला न विचारता तो मोडीन. शेवटी गेलो. एकटा गेलो, चष्मा स्वतःच्या खिशात ठेवून. श्वास धरला तो निव्वळ रागावर.

त्यानंतरच्या रविवारी विहारात नेहमीसारखं पंचशील सुरू झालं. मी एकेक शील म्हणतो, मागून सगळे म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हटलं आणि बुद्धमूर्तीवरची नजर काढून मी मान वळवून मागं पाहिलं. बायको पहिल्याच रांगेत होती. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. एकाचाही आवाज अडखळला नाही, तिचाही नाही.

पाचवं सांगायला माझ्या तोंडून शब्द फुटेना. सगळे हात जोडून वाट बघत राहिले.