बाल्साचं टोक करून देता का?

बाजारात कुणी मागतच नाही अशी वस्तू मागायला निघालात, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच मागे लागतात.

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात मी, कुलकर्णी आणि म्हात्रे, तिघांना मॉडेल रॉकेटचं वेड. नळी आम्ही कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याची करतो. तिला तयार नोझ कोन, म्हणजे पुढचं टोक, कधीच बसत नाही. ते बाल्सा नावाच्या एकदम हलक्या लाकडातून कातून घ्यावं लागतं. त्यात घाई. उडवायला जागा एकच, कर्जतकडचं म्हात्रेच्या घरचं शेत, आणि दिवाळीनंतर तिथे बिल्डरचा जेसीबी येणार होता. शेत गेलं की आमचा खेळ खलास!

* * *

महाप्यातल्या लेथवाल्याने बाल्सा हातात घेतलं आणि परत केलं. "हा थर्माकोल आहे. लाकूड आणा."

कुलकर्णीने त्याला वजन, वेग, हवेचा विरोध, सगळं समजावलं. माणसाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मुलाचा प्रोजेक्ट आहे का?"

कुलकर्णीचं अजून लग्न जमायचंय. त्या दिवशी तो डबा न खाताच बसला.

* * *

शेवटी हाच लेथवाला तयार झाला. आठवड्याने टोक मिळालं. माप परफेक्ट, फिनिशिंग झकास, पण सागवान!

"तुमचं लाकूड फालतू निघालं साहेब. मी पदरचं घातलं."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? ते रॉकेट दोन मजले चढलं आणि वळून थेट आमच्यावरच आलं. म्हात्रे चप्पल सोडून पळाला.

* * *

मग तुर्भ्यात देव्हारे करणारा एक जण सापडला. त्याने लाकूड बदललं नाही, एवढं खरं. पण टोकाला दोन रिंगा काढल्या आणि वर सोनेरी रंग दिला.

"प्लेन माल माझ्या दुकानातून बाहेर जात नाही," म्हणाला.

डोकं फिरलं माझं. ते टोक सध्या आमच्या देव्हाऱ्यावर कळस म्हणून आहे. बायको खूश आहे.

* * *

कुलकर्णीने पुण्याहून एक मागवलं. ते आलंसुद्धा. सोसायटीच्या वॉचमनने बॉक्स हलवून पाहिला आणि कुरियरवाल्याला परत दिला.

"रिकामा खोका होता साहेब. तुम्हाला फसवत होते."

वर बक्षिशीच्या आशेने उभा!

* * *

दिवाळी तोंडावर आली तेव्हा कुठे पुण्याचं टोक पुन्हा येऊन हातात पडलं. रंग द्यायलाही वेळ नव्हता. शेतावरचा तो शेवटचा रविवार. म्हात्रेची आई पहिल्यांदाच बघायला आली. शेत द्यायचं ठरलं तेव्हा या बाईने हूं की चूं केलं नव्हतं.

"नारल फोरल्याशिवाय उरवायचा नाय," तिने बजावलं.

नारळ फोडला आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत सगळं पाणी टोकावर ओतलं. कोरडं बाल्सा ते गटागटा प्यायलं. वर हळदकुंकू. मग गावातल्या सगळ्यांना गोळा करून आणेपर्यंत आम्हाला थांबवून ठेवलं.

रॉकेट काय सुंदर गेलं! पण वर गेल्यावर टोक सुटून पॅराशूट बाहेर यायला हवं. टोक फुगून नळीत गच्च बसलेलं. रॉकेट सरळ खाली आलं आणि शेताच्या मधोमध ओल्या मातीत रुतून उभं राहिलं.

इतक्या महिन्यांची वणवण मातीत गेली. मला रडूच यायचं बाकी होतं. उपटायला पुढे झालो, तर आईने हात धरला. डोक्यावर पदर घेऊन ती खाली वाकली, नमस्कार केला.

"देव बसलाय इथं. हात लावू नका."

मागोमाग अख्खा गाव वाकला.

दिवाळीनंतर जेसीबी आला. रॉकेटला शेंदूर, झेंडूची माळ आणि चौफेर हात जोडलेली माणसं पाहून ड्रायव्हरने चप्पल काढली, नमस्कार केला आणि मशीन मागे घेतलं. सौदा झालाय, आता ऐक, म्हणून म्हात्रे आईपुढे हात जोडून थकला. बिल्डर दोनदा येऊन गेला.

परवा म्हातारीचा मला फोन. "रविवारी येताव ना रं? दुसरा टोक घेऊन या. यो जरा कललाय."