आक्षेप, पोहोच पावतीसह

माझ्या मुलीला डॉक्टर व्हायचे होते आणि त्या काळी सीईटी नावाची एकच परीक्षा तिच्या वाटेत उभी होती. एका सकाळी कागदावरचे गोल काळे करून आयुष्य ठरवायचे, ही व्यवस्था मला मुळातच मान्य नव्हती. आणि त्या व्यवस्थेवर पोसलेले क्लास तर त्याहून नव्हते. मी कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात कारकून. अन्याय दिसला की मी रजिस्टर पत्र धाडत असे, पोहोच पावतीसह. टपाल कचेरीतला खिडकीमागचा माणूस मला पाहताच न विचारता शिक्का उचलत असे.

पत्नीने माझ्या माघारी राजारामपुरीतल्या एका क्लासचा फॉर्म आणला. त्यातली चौथी अट अशी होती, की यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र जाहिरातीसाठी वापरण्याचा अधिकार क्लासकडे राहील. ती अट मी शाईने खोडली, समासात सही केली आणि मगच मुलीला जाऊ दिले.

क्लास एका बंगल्याच्या गच्चीवर, पत्र्याखाली भरे. गारगोटी-मुरगूडसारख्या गावांतल्या मुली जवळपास खोल्या घेऊन राहत. चालवणारे सर नेसरीकडचे, बोलायला रोखठोक. हा सारा प्रकार निरर्थक आहे हे लेखी सिद्ध करायचे, असा माझा संकल्प होता. म्हणून मी मुलीच्या नोट्स पुराव्यासारख्या तपासू लागलो, आणि पंधरवड्यात घबाड हाती लागले. हृदयाच्या आकृतीत डावा कप्पा उजवीकडे आणि उजवा डावीकडे छापला होता! मुलांच्या भवितव्याशी चाललेल्या या खेळाबद्दल मी दोन पानी पत्र लिहिले आणि त्याच दुपारी रवाना केले.

सरांनी ते भर वर्गात वाचून दाखवले. आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, ही साधी बाब माझ्या लक्षात आली नव्हती. गच्ची हसून दणाणली. मुलगी घरी आली ती चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"बाबा, यापुढे पत्र टाकण्याआधी मला दाखवायचं. नाहीतर मी क्लास सोडते."

मी क्लासच्या विरोधात होतो. तरीही ती सोडणार म्हणताच मी लिहून ठेवलेले पुढचे पत्र तिच्या हाती दिले. अट मान्य केली.

त्यानंतर जे घडले ते आठवून आजही मला आनंदाच्या उकळ्या फुटतात. रोज संध्याकाळी मी आक्षेप मांडायचा आणि तिने तो खोडून काढायचा. भिंगे, आम्ले, मूत्रपिंड, काही सुटले नाही. मी साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसा खोदत असे. आणि तिला उत्तर आले नाही, तर ती दुसऱ्या दिवशी सरांना धरून ते घेऊन येई. सात महिन्यांत फक्त अकरा पत्रे तिच्या तपासणीतून पार पडली. त्यांत दाखवलेल्या तीन चुका सरांनी लेखी मान्य केल्या. सरांची ती पत्रे मी अजून जपून ठेवली आहेत.

निकाल लागला आणि तिला सरकारी मेडिकलची जागा मिळाली. मी बनियनवरच गल्लीत धावलो.

चौथ्या दिवशी सर पेढे घेऊन आले. सोबत टाइप केलेला अर्ज. विषय: छायाचित्रास संमती मिळणेबाबत. संदर्भ: आपली पत्रे क्रमांक एक ते बारा. मी त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या.

"काका, आता सही करा की," सर म्हणाले. "तुमच्या पत्रांनी माझ्या नोट्स सुधारल्या, तेवढं तरी खरं हाय."

मी सही केली, पण एका अटीवर. फलकावर पूर्ण सत्य यावे. त्यामुळे राजारामपुरीच्या चौकात मुलीच्या फोटोखाली असा मजकूर झळकला, की सदर यशात क्लासच्या अध्यापनाचा आणि वडिलांच्या दैनंदिन आक्षेपांचा वाटा असून, कोणाचा किती हे निश्चित करता आलेले नाही. एवढा लांब अभिनंदनाचा फलक कोल्हापुरात दुसरा नसावा. लोक गाड्या थांबवून वाचत.

मी रोज तिथे उभा राहत असे. एके दिवशी मोटारसायकलवरच्या एका गृहस्थाने पाय टेकवून तो फलक दोनदा वाचला. त्याच्या मागे वेणी घातलेली त्याची मुलगी बसली होती.

"पावणं," तो मला म्हणाला, "ह्यो क्लास म्हाईत हाय. पर त्यो बापाचा क्लास कुठं भरतो?"

मी त्याला खिशातला कागद काढून आमच्या घरचा पत्ता लिहून दिला आणि संध्याकाळी सहाला त्याच्या मुलीला नोट्ससह आणण्यास सांगितले.