श्यामलाताईंनी ‘होय’ लिहिलं

श्यामलाताईंवर मी जेवढी चिडले तेवढी नवऱ्यावरही कधी चिडले नसेन, आणि माझा नवरा काही गरीब गाय नाही. एका विमा कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात आम्ही सोळा वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. विम्यासाठी आलेले अर्ज तपासायचे, हे त्यांचं काम. मी, कादंबरी, त्यांच्या हाताखालीच ते शिकले.

या अर्जात आजारांची एक लांबलचक यादी असते. मधुमेह आहे का, दमा होता का, छातीत कधी दुखलं का. बहुतेक एजंट त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एका झटक्यात ‘नाही’ लिहून मोकळे होतात. श्यामलाताई असा अर्ज दोन बोटांत धरायच्या आणि म्हणायच्या, “इतका निरोगी माणूस पुण्यात राहतो आणि आपल्याला माहीतच नाही!” मग अर्ज परत. दोन हजार सालानंतर खासगी कंपन्या आल्या, पंधरा मिनिटांत पॉलिसी देऊ लागल्या, आमचे साहेबही ‘चला, आवरा’ करायला लागले. ताईंचा वेग काही वाढला नाही.

मार्केट यार्डातले दत्तोबा म्हणून एक कांद्याचे आडते होते. त्यांचा अर्ज ताईंनी तीनदा परत पाठवला आणि शेवटी त्यांच्याकडून साखरेचा आजार लिहून घेतला. हप्ता वाढला म्हणून दत्तोबा ऑफिसात येऊन वाट्टेल ते बोलून गेले. सहा वर्षांनी ते वारले, तेव्हा त्यांच्या बायकोला, मालनबाईंना, महिन्याच्या आत सगळी रक्कम मिळाली, कारण कुणाला बोट ठेवायला जागाच नव्हती. मालनबाई रिक्षातून कांद्याचं पोतं घेऊन आल्या. ताईंनी त्यांना चहा पाजला आणि पोतं त्याच रिक्षातून परत पाठवलं.

असं हे माणूस. आणि या माणसाला बावन्नाव्या वर्षी समुद्राच्या तळाशी जायचं होतं.

त्याचं असं झालं. मी विश्रांतवाडीहून स्कूटी दामटत सकाळी सहाच्या बॅचला पोहायला यायची, ताई नारायण पेठेतून चालत यायच्या. एका रविवारी तलावावर स्कुबा डायव्हिंगचं प्रात्यक्षिक होतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि नऊ फूट पाण्याच्या तळाशी बसायचं. आम्ही बायका खिदळत होतो. ताई पंधरा मिनिटं खाली बसल्या. वर आल्या त्या पायरीवर टेकल्या आणि नुसत्या पाण्याकडे बघत राहिल्या.

मी घाबरून विचारलं, “ताई, बरं वाटतंय ना?”

“पंधरा मिनिटं मला कुणी काही विचारलं नाही गं,” त्या म्हणाल्या. “लग्नानंतर पहिल्यांदाच.”

त्यांचं घर मी पाहिलं होतं. डबा कुठाय, चष्मा कुठाय, गॅसचा नंबर लावला का. ऑफिसात दिवसभर ‘ताई, हे बघा’. मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. खऱ्या समुद्रात, खऱ्या तळाशी एकदा जायचं, निवृत्तीच्या आधी, हे त्यांनी त्याच पायरीवर ठरवलं. अंदमानला, हॅवलॉक बेटावर. तारीखसुद्धा ठरली, दोन हजार बाराचा जानेवारी.

त्यांचे यजमान श्रीधरराव शाळेतून निवृत्त झालेले. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “तळाशी जाऊन करणार काय? शेवटी वरच येणार ना?” मुलगा शौनक हडपसरला आयटी कंपनीत होता. त्याने मात्र कॉम्प्युटरवर बसून विमानाची तिकिटं काढली, बेटावरचं डायव्हिंग सेंटर शोधलं, ईमेल लिहिले. ताईंनी फीत बांधलेली फाईल केली. पहिल्या पानावर अनुक्रमणिका.

तलावावरच्या आम्ही सहाजणी जाणार होतो. एकीच्या सुनेला दिवस गेले. एकीच्या जाऊबाईंनी जानेवारीतच संक्रांतीचं हळदीकुंकू काढलं. ते दर वर्षी जानेवारीतच असतं, हे मी बोलून दाखवलं तर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. तिसरीला तिथे साबुदाण्याची खिचडी मिळेल याची लेखी हमी हवी होती. चौथीने कारणसुद्धा दिलं नाही, नुसतं फोन उचलणं बंद केलं. दर वेळी ताई नवं वेळापत्रक लिहायच्या आणि जुनं पान फाईलमध्येच मागे लावायच्या. दिवाळीपर्यंत उरलो आम्ही दोघी.

नोव्हेंबरात सेंटरचा फॉर्म आला. शौनकने ऑफिसात प्रिंट काढून आणला. दोन पानांवर तब्येतीचे प्रश्न, समोर ‘होय’ आणि ‘नाही’चे चौकोन, खाली सही. आम्ही जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून भरायला बसलो.

इथे मला माझंही सांगायला हवं. ऑगस्टपासून मला रक्तदाबाची गोळी सुरू होती. एकोणचाळिसाव्या वर्षी गोळी, म्हणून मी ऑफिसात कुणाला बोलले नव्हते. फॉर्ममध्ये तो प्रश्न सरळ होता. मी ‘नाही’वर खूण केली. सगळ्याच प्रश्नांना वरपासून खालपर्यंत ‘नाही’, अगदी त्या एजंटांसारखी. ताईंनी माझा फॉर्म हातात घेतला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी तो सवयीने वरपासून खालपर्यंत पाहिला, सही तपासली आणि म्हणाल्या, “नशीबवान आहेस.” माझा कागद त्यांनी विश्वासाने पास केला. सोळा वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

मग त्यांच्या फॉर्मकडे माझं लक्ष गेलं. दम्याच्या प्रश्नासमोर ‘होय’. शिवाय सोबत एक पुरवणी, सुवाच्य अक्षरात: वय वर्षे सहा ते नऊ, थंडीत धाप लागत असे, वैद्यांचं औषध, त्यानंतर त्रास नाही.

“ताई, अहो त्रेचाळीस वर्षं झाली त्याला!”

“‘कधी’ असं विचारलंय. ‘हल्ली’ असं नाही विचारलेलं.”

“तलावावर नाही सांगितलंत ते?”

“तिथे कुणी विचारलं नाही.”

शौनकने फोनवर डोकं आपटायचंच बाकी ठेवलं. “आई, सगळीकडे नो टिक कर ना! तिकडे कोण चेक करतंय?”

“मी करते ना इकडे,” ताई म्हणाल्या आणि फॉर्म पाकिटात घातला.

आठवड्यात उत्तर आलं. दम्याला होय आहे, सबब डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. झालं, सुरू झाली वरात. घरचे डॉक्टर म्हणाले, “या वयात कशाला हे उद्योग? महाबळेश्वरला जा.” आणि त्यांनी काही लिहून दिलं नाही. छातीच्या डॉक्टरांकडे वेळ मिळेपर्यंत डिसेंबर उजाडला. मी सोबत गेले. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, एकदा नाही, सहादा. फुप्फुसं ठणठणीत. ताईंचा चेहरा असा काही उजळला की मला रस्त्यातच रडू यायला लागलं. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद त्यांनी वाचला नाही. ज्या बाईने स्वल्पविराम तपासल्याशिवाय कागद पुढे जाऊ दिला नाही, तिने स्वतःचा कागद आनंदाच्या भरात घडी घालून पर्समध्ये टाकला.

त्यावर लिहिलं होतं, ‘प्रवासास योग्य’. सेंटरचं म्हणणं, ‘डायव्हिंगला योग्य’ असं स्पष्ट हवं. तोपर्यंत डिसेंबरची वीस तारीख उलटली होती. आम्ही पुन्हा त्या डॉक्टरांच्या दारात. ते म्हणाले, “मी फुप्फुसाबद्दल लिहू शकतो, समुद्राबद्दल कसं लिहू? मला त्यातलं काही कळत नाही.” प्रामाणिक माणूस! मला अशा प्रामाणिक माणसांचा त्या महिन्यात अक्षरशः वीट आला होता. डायव्हिंगचे डॉक्टर मुंबईला होते आणि त्यांची पहिली वेळ आमच्या विमानानंतर चार दिवसांनी होती.

रिक्षात मी फुटले. “ताई, नवा फॉर्म काढा. ‘नाही’ लिहा. तिथे गेल्यावर दुसऱ्या सेंटरला द्या. तुमची फुप्फुसं चांगली आहेत हे आता मशीनने सांगितलंय, मग खोटं काय आहे त्यात?”

“खाली सही माझी असते, मशीनची नाही.”

“मग बसा सही कुरवाळत!” मी म्हणाले. मोठ्या बाईला असं बोलायला नको होतं. पण अकरा महिने त्यांनी त्या एका गोष्टीची वाट पाहिली होती आणि ती त्या स्वतःच्या हाताने घालवत होत्या, ते मला बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं प्रत्येक खरं माझ्या त्या ‘नाही’ला टोचत होतं. त्यांनी एकदा जरी खोटं लिहिलं असतं, तर मी सुटले असते. त्या चिडल्या नाहीत. पुढच्या चौकात उतरल्या आणि चालत घरी गेल्या.

तरी आम्ही गेलो. प्रत्यक्ष भेटून बोलू, माणसं आहेत, ऐकतील, असं मीच त्यांना पटवलं. सेंटरचा प्रमुख खरंच सभ्य होता. त्याने प्रमाणपत्र दोनदा वाचलं, पुरवणी वाचली, आणि तुटक्या हिंदीत हात जोडून सांगितलं की एवढ्यावर तो त्यांना पाण्यात नेऊ शकत नाही. मी वाद घालायला तोंड उघडलं. ताईंनी माझ्या दंडावर हात ठेवला.

“बरोबर आहे त्यांचं. मीसुद्धा परत पाठवला असता,” त्या म्हणाल्या. आवाज सरळ होता, पण कागदाची घडी घालताना ती त्यांना जमेना. तीनदा घातली.

मी जाणार नाही म्हटलं. तर त्या गरजल्याच, “दोघींनी कोरडं परत जायचं? मला काय तोंड दाखवशील? चल, मी होडीत बसते.”

मी गेले. पाठीवर टाकी घेऊन, प्रशिक्षकाचा हात धरून, तीस फूट खाली. निळं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. एक कासव माझ्या अंगावरून असं गेलं, जसं काही मी तिथे नव्हतेच. पण माझी छाती धडधडत होती आणि डोक्यात एकच चालू होतं, ही जागा माझी नाही. चाळीस मिनिटांनी मला वर काढलं.

ताई होडीच्या कडेला, साडीचा पदर कानाभोवती घट्ट बांधून बसल्या होत्या. मी जिथे गेले होते त्या जागेवरून त्यांनी नजर हलवली नव्हती, असं होडीवाला म्हणाला.

“काय दिसलं?”

“विशेष काही नाही हो,” मी म्हणाले. “पाणी गढूळ होतं.”

“खोटं बोलू नकोस. मी इथे दोन हजार किलोमीटरवर ‘विशेष काही नाही’ ऐकायला आलेय? नीट सांग. कान दुखले?”

“नाही.”

“धाप लागली?”

“नाही.”

“डोकं?”

त्या वाट बघत राहिल्या, टेबलावर पेन हातात धरून बघायच्या तशाच. मग मी सांगून टाकलं. ऑगस्टपासूनची गोळी, फॉर्म, सगळं. सांगताना हुंदकेच यायला लागले, आणि होडीवाला बिचारा दुसरीकडे पाहू लागला.

ताई पांढऱ्याफटक पडल्या. “आणि मी तुझा कागद पास केला,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “खाली तुला काही झालं असतं म्हणजे, कादंबरी?” त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तरी मला चाललं असतं. त्यांनी माझे ओले केस आपल्या पदराने पुसायला घेतले, जरा जोरातच.

किनाऱ्यावर उतरल्याउतरल्या त्या मला सेंटरमध्ये घेऊन गेल्या. माझा फॉर्म मागून घेतला. रक्तदाबाच्या प्रश्नासमोरचं ‘नाही’ त्यांनी माझ्या हाताने खोडायला लावलं, ‘होय’ करायला लावलं, शेजारी सही घेतली, तारीख घातली. दुसऱ्या दिवशीची माझी डाइव्ह तिथल्या तिथे रद्द झाली. प्रमुखाने कपाळाला हात लावला.

बाहेर वाळूवर एक ओंडका पडला होता. ताई त्यावर बसल्या, चपला काढल्या आणि शेजारची जागा हाताने झाडली.

“बस,” त्या म्हणाल्या. “आता पहिल्यापासून सांग. कासव होतं का? केवढं होतं?”

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. त्यांनी ते अंतर नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “मग?”