खोबरेलाचं बोट

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवायचे आणि पीएचडीसाठी काजळी धरायचे. हसू नका. म्हाताऱ्या ताऱ्यांभोवती कार्बनची धूळ असते. तिच्यातून आलेल्या अवरक्त प्रकाशाच्या आलेखात एका ठरावीक जागी खाच पडते. तशीच खाच आपल्या काजळीच्या आलेखात दाखवायची, एवढंच माझं काम. दोन वर्षं कापूर जाळून डोळे चुरचुरले, पण खाच काही दिसेना. मुंबईच्या गाइडनी पत्रात लिहिलं, मे अखेरपर्यंत काही निघालं नाही तर विषय बदलू.

नेमका तेव्हाच मला ताप आला. आई म्हणाली, "तू पड गो. काजळ मी तुझ्या जन्माआधीपासून धरत्ये." तिने परसात कापूर पेटवला, वर पितळेची परात उपडी धरली आणि संध्याकाळी काजळीची पुडी माझ्या हातात दिली.

दोन दिवसांनी ती काजळी आलेख काढणाऱ्या यंत्रात घातली. कागदावर पेन सरळ चाललं होतं, त्या जागेवर आलं आणि खाली उतरलं! मी खुर्चीवरून उडालेच. गाइडना तार केली. "ताऱ्यांची काजळी मी धरली हो," असं सांगत आईने अख्खी आळी पालथी घातली.

मग मी स्वतः तीनदा काजळी धरली. खाच नाही. घरी येऊन आईला विचारलं, "तू वेगळं काय केलंस?"

"वेगळं कसलं? परातीला खोबरेलाचं बोट फिरवलं. नाहीतर काजळ सुटतं होय?"

म्हणजे खाच तेलाची होती. माझं डोकं फिरलं. "तुला कोणी सांगितली होती अक्कल चालवायला? दोन वर्षं मातीत घातलीस!" खरं तर चूक माझी. काजळी कशी धरली, हे आधी विचारायला हवं होतं. विषय जाणार हे माहीत असूनही मी गाइडना खरं काय ते लिहिलं आणि पत्र पेटीत टाकून आले.

सकाळी आई परसात राखेने परात घासत होती. केस कोरडे, भुरभुरीत. जन्मात तिला बिनतेलाची पाहिली नव्हती.

"तेल नाही लावलंस?"

"नको गो. माझं तेल परत तुझ्या काजळीत जायचं."

मला रडूच फुटलं. तिच्या हातातली परात काढून घेतली, तिला पायरीवर बसवलं आणि खोबरेलाची बाटली तिच्या डोक्यावर ओतली.