ओल्या दोरीचं माप

शिंप्यानं सुताची दोरी माझ्यासमोर फेकली. ती धुळीत पडली. "माप घे, गाठी मार, आन् ठेव पायरीवर," तो म्हणाला. माझ्याकडं न बघताच.

खानापुरात आम्हा महारवाड्यातल्या बायकांची मापं अशीच व्हायची. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत दोरी आपणच छातीभोवती गुंडाळायची. गाठ मारून पायरीवर ठेवायची आणि मागं सरायचं. मग शिंपी तिच्यावर पाणी शिंपडायचा, विटाळ जावा म्हणून. ओली दोरी आखडते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी तो त्याच आखडलेल्या दोरीवरनं कापायचा. आमची झंपरं कायम काखेत उसवलेली. वर आम्हालाच ऐकवायचा, "तुमची अंगंच आडदांड." आईला ते खरं वाटायचं. दोन्ही हात अंगाशी धरून चालायची बिचारी.

मला बेळगावला मास्तरणीच्या शिक्षणाला जायचं होतं. फळ्यावर लिहायचं तर हात वर जाणार. फाटकी काख दाखवत मी उभी राहणार नव्हते.

माझे वडील, आप्पा, गोव्यात लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. तिथनं त्यांनी मापाची फीत आणली होती. पोर्तुगीजांच्या मुलखात मीटर चालायचे, आमच्याकडं इंच. आप्पा म्हणाले, "अडीच सेंटीमीटरचा एक इंच धर. थोडं इकडंतिकडं हुतंय." दार लावून मी माप घेतलं. छाती ऐंशी सेंटीमीटर. चुलीच्या राखेत बोटानं हिशेब मांडला. बत्तीस इंच. लई आनंद झाला मला. आता दोरी नको, पाणी नको. आकडा तोंडानं सांगायचा. आकड्याला कसला आलाय विटाळ?

म्हणून ती दोरी मी उचलली नाही. म्हटलं, "अण्णा, माप घरीच घेतलंय. छाती बत्तीस इंच."

"कुणी घेतलं?"

"मी."

त्यानं मशीन थांबवलं. "तुझ्या तोंडच्या मापावर मी कातर चालवू व्हय गं? दोरी उचल."

तेव्हा मला कळलं. विटाळाचं नुसतं निमित्त होतं. त्याला मी वाकलेली हवी होते. माझ्या आधी आई वाकली, आजी वाकली. संताप आला मला. त्याचा आला, आणि आमचाही आला.

शिवायला आणून पायरीवर ठेवलेलं माझं कापड मी उचललं. "न्हाय उचलत," म्हटलं.

"मग कोण शिवतंय बघू," तो मागनं ओरडला.

मला धड सुई धरता येत नव्हती. बोटं सोलली. एक बाही तिरकी झाली, शिवण वाकडी आली. ते झंपर घालून मी दोन्ही हात वर केले. काख उसवली नाही.

मग आईला उभं केलं. फीत तिच्या छातीभोवती नेली, तर सवयीनं तिनं हात घट्ट आवळले.

"हात वर कर," म्हटलं. "आणखी वर. आता वाड्यातल्या एकेकीचं माप मी घेणार. त्याची दोरी पडू दे तिथंच, धुळीत."