सरताज लंगडतो

सांगू की नको, असं करता करता बरीच वर्षं गेली. आज सांगूनच टाकतो. पण हसायचं असेल तर तोंडावर हात धरून हसा, एवढी विनंती आहे.

आमच्या फाट्यावर चहा प्यायला बसलो की कोणी ना कोणी विचारतोच, "बाबाजी, तुमी दिल्लीले घोड्याइच्या उड्या पाहाले गेलते म्हंते. कशा असतेत बाप्पा त्या उड्या?" मी बशीतला चहा फुंकत राहतो. थंड झाला तरी फुंकत राहतो. लोकांना वाटतं, म्हातारा सावकाश बोलणारा आहे, आठवून सांगेल. काय आठवू? आठवायला आधी पाहावं लागतं ना!

माझा मुलगा दिनू फौजेत, घोडेस्वारांच्या पथकात. सरताज नावाचा त्याचा घोडा. त्या वर्षी दिल्लीला देशोदेशीच्या घोडेस्वारांचा मोठा सामना होता. तीन दिवसांचा खेळ. पहिल्या दिवशी घोड्याला नाजूक चालीनं चालवायचं, दुसऱ्या दिवशी रानातून ओढे-ओंडके ओलांडत पळवायचं, तिसऱ्या दिवशी मैदानातल्या दांड्यांवरून उड्या. घोडा तोच, स्वार तोच. दिनूचा फोन आला, "बाबा, घरी एकटे बसून काय करून राहिले? या ना इकडं."

खरंच, काय करत होतो? ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. बोंडं किडीनं खाल्ली, विहिरीत बादली खडखडली, कडबा औषधालाही मिळेना. हौश्या आणि चांद्या, माझी बैलजोडी, परतवाड्याच्या बाजारात गेली होती. दिनूची माय त्याआधीच गेली होती. सकाळी उठून मी सवयीनं गोठ्यात जायचो आणि रिकाम्या दावणीपाशी उभा राहून परत यायचो.

सोबतीला रहीमभाईला घेतलं. रहीमभाई परतवाड्याचा नालबंद. त्यानं जन्मभर बैलांच्या पायांना नाल ठोकले. गावोगावचे बैल गेले तशी त्याची हातोडीही गप्प झाली होती. "चला भाऊ," तो म्हणाला, "घोड्याचे तं घोड्याचे, खूर तं पाहाले भेटतीन." बडनेऱ्याहून गाडी पकडली.

पोचलो त्या संध्याकाळी दिनूनं आम्हाला तबेल्यात नेलं. सरताज म्हणजे काळ्या मातीवर पाऊस पडून गेल्यावर जसा रंग दिसतो, तसा. दिनूनं त्याच्या मानेवर डोकं टेकवलं. म्हणाला, "उद्या याचं काय होते, कोणास ठाऊक. तीन मानसाईच्या हातात हाय." मग आमच्याकडे वळून, "तुमी उद्या खोलीवरच आराम करा. खेळ परवापासून हाय."

आता सांगा, दोन म्हातारी माणसं परक्या गावात खोलीवर काय आराम करणार? दुसऱ्या दिवशी चहा झाल्याबरोबर आम्ही मैदानाकडे निघालो. आणि तिथं पाहतो तर काय!

एक सरळ आखलेली पट्टी. दोन्ही बाजूंनी दोरी. दोरीबाहेर माणसांची गर्दी. पट्टीच्या मधोमध तीन साहेब लोक उभे, त्यात एक गोरी बाई. एकेक घोडा यायचा. बाईसमोर उभा राहायचा. ती त्याच्या पायांकडे बघायची, एकजण त्याच्या पायांवरून हात फिरवायचा. मग घोड्याला पट्टीवरून पळवत न्यायचे, पळवत आणायचे. तिघं डोकी जवळ आणून कुजबुजायचे. भोंग्यावर एक शब्द यायचा, लोक टाळ्या वाजवायचे, तो घोडा जायचा, दुसरा यायचा.

तुम्हीच सांगा, वऱ्हाडातल्या माणसाला हे काय दिसेल?

"भाऊ," रहीमभाई हळूच म्हणाला, "हा तं बजार भरला ना जी."

"काहीतरी नोको बोलू."

"भोंग्यावर काय म्हनून राहिला, आयका. अ‍ॅक्सेप्टेड. माह्या नातवाच्या पुस्तकात हाय तो शब्द. अ‍ॅक्सेप्टेड म्हंजे कबूल."

तेवढ्यात एक साहेब आला. त्याच्या हातावर कोट टाकलेला. गोऱ्या बाईनं हात पुढं केला आणि दोघांचे हात कोटाखाली गेले. रहीमभाईनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "पाहा! रुमालाखाली बोटं!"

बैलबाजारात सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात. माझ्या हौश्या-चांद्याचा सौदा असाच झाला होता. त्या रुमालाखालचा हात माझाच होता.

मग दिनू आला. कोट, टाय, चकचकीत बूट, जसा नवरदेव. सोबत सरताज. काल संध्याकाळी मानेवर डोकं का टेकवलं होतं, ते मला आत्ता कळलं. तीन माणसांच्या हातात आहे म्हणाला होता, ती हीच तीन माणसं. पोराचा घोडा विकून राहिले आणि पोरगं बापाला खोलीवर आराम करायला सांगतं!

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. बाजारात सौदा ठरत आला आणि घरच्यांपैकी कोणाचा जीव तुटला, तर तो पुढं होऊन मोठ्यानं जनावराची खोड सांगतो. मारकं आहे, बसकं आहे, काहीही. घरच्यानंच खोड काढली की व्यापारी मागं सरतो. कोणाचा अपमान होत नाही आणि जनावर घरी परत येतं. परतवाड्याला मी कितीदा मागं वळून पाहिलं होतं. दिनूची माय असती तर नक्की ओरडली असती. पण मागं कोणीच नव्हतं.

इथं मी होतो.

मी दोरीखालून वाकलो आणि पट्टीवर जाऊन उभा राहिलो. जन्मात कधी ओरडलो नाही तसा ओरडलो, "याले घेऊ नोका! सरताज लंगडते! मांगच्या पायानं लंगडते!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. दिनूचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"रातभर खोकलते!" मी म्हणालो. "लात मारते! दाना खात नाई!"

रहीमभाई मित्राला एकटा सोडणारा नाही. तोही दोरीखालून आला. "आन् एका डोयानं आंधया हाय!"

एक मिशीवाला फौजी साहेब धावत आला. साताऱ्याकडचा निघाला. गोरी बाई त्याला काहीतरी विचारत होती. त्यानं मला विचारलं, "आजोबा, तुम्ही कोण?"

"घोड्याच्या घरचाच हाओ. सवाराचा बाप."

त्यानं ते बाईला सांगितलं. आणि इथं सगळा घात झाला. ती बाई हसली नाही. घरचाच माणूस सांगतो म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि सरताजला बाजूच्या कुंपणात न्यायला सांगितलं. तिथं डॉक्टर होता. त्यानं एकेक पाय उचलून वाकवला. खूर दाबले. डोळ्यात बॅटरीचा उजेडही मारून पाहिला!

"झाला ना सौदा मोडून," रहीमभाई खूश.

दिनू आला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता माझा दंड धरला. "बाबा, कोणी विकून नाई राहिलं. घोड्याची तब्येत पाहून राहिले. पाय चांगले असले तरच उद्या खेळू देतेत. आता नापास केला तं गेलं सारं. चार वर्सं झाले, बाबा. चार वर्सं याच्यासाठी मरून राहिलो."

मला धरणीनं गिळलं असतं तर मी तिचे आभार मानले असते.

मी धडपडत त्या साहेबाकडे गेलो. "साहेब, खोटं बोललो. घोडा सोन्यासारखा हाय. खोकलत नाई. लात मारत नाई. दाना मागून मागून खाते."

साहेबानं मिशीवरून हात फिरवला. "आजोबा, आधी खरं बोललात, की आता?"

बाजारात मालक जनावराची स्तुती करायला लागला की गिऱ्हाईक जास्त वाकून बघतं. इथंही तेच. मी जितकी स्तुती करीन, तितका तो डॉक्टर सरताजचे पाय पुन्हा पुन्हा वाकवी. शेवटी रहीमभाईनंच माझा सदरा धरून ओढला, "भाऊ, आता तुमी तारीफ नोका करू. घोडा मरीन."

सरताजला पुन्हा पट्टीवर आणलं. दिनू त्याला घेऊन पळाला. मी डोळे मिटून फक्त टापा ऐकल्या. तिघांची डोकी जवळ आली. आली ती आलीच. मग भोंग्यावर तो शब्द आला.

"कबूल!" रहीमभाई ओरडला. मी तिथंच मटकन खाली बसलो.

उठून चाललो तर गोरी बाई माझ्याकडे बघून काही बोलली आणि सगळे हसले. साहेबानं सांगितलं, "बाई म्हणतात, घोडा ठीक आहे. लंगडता तुम्ही. तुम्हाला कोणी तपासलं का?" माझा गुडघा जुनाच दुखरा. तोही त्याच दिवशी उघडा पडायचा होता.

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या शिपायानं आम्हाला अडवलं. हुकूम होता. घोडा आत, म्हातारे बाहेर. दिनूनं हातापाया पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. देशोदेशीचे घोडे कबूल झाले, एकटा मी नापास.

तिन्ही दिवस आम्ही मैदानाच्या भिंतीबाहेर निंबाखाली बसलो. नाजूक चाल तर दिसलीच नाही. रानातली दौड सुरू झाली तेव्हा भिंतीवरून अधूनमधून एक टोपी वर यायची आणि खाली जायची. बस्स! हीच ती उडी. खालचा घोडा काळा की पांढरा, देव जाणे. मी प्रत्येक टोपीला टाळी वाजवली. न जाणो, त्यातली एक दिनूची असेल.

"अरे भाऊ, आवाज तं द्या पोराले!" रहीमभाई म्हणायचा. मी खिशातला रुमाल काढून तोंडावर घट्ट धरला. ज्या बाजारात ओरडायचं तिथं हात रुमालाखाली होता. इथं कोणी काही विकत नव्हतं, तर इथं ओरडून बसलो. आता हे तोंड रुमालातच बरं.

सरताज तिन्ही दिवस पुरा खेळला. नंबर आला नाही, पण न लंगडता खेळला. हे मला दिनूनं नंतर सांगितलं.

शेवटच्या दिवशी तर एक टोपी वर आली ती खाली जाईचना. कितीतरी वेळ हवेत! मला भरून आलं. एवढी लांब उडी आपल्या दिनूचीच असणार. मी उभा राहिलो आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

टोपीखालून एक चेहरा वर आला. शिडीवर उभा राहून झेंडे काढणारा माणूस होता तो.

"चाचा," तो म्हणाला, "खेल तो कब का खतम हो गया."